आवडत्या कामात बुडालेल्या माणसानं थांबायचं कसं?

विचारणारा मुलगा खानापूर तालुक्यातला, वय २७, बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात डिझाइनला आहे. तो लिहितो: "काका, थ्रीडी मॉडेल करायचं काम मला इतकं आवडतं की शिफ्ट संपली तरी उठवत नाही. खोलीवर येऊन रात्री दोन-दोन वाजेपर्यंत स्वतःची मॉडेलं करत बसतो. कुणाची जबरदस्ती नाही. खरं गेले दोन महिने सकाळी अंग उचलत नाही, चुका होताहेत, घरून फोन आला की चीड येते. आवडतं काम करून माणूस करपतो का? आणि करपू नये म्हणून काम कमी करायचं, तर मग मजा काय राहिली?"

तू काका म्हणालास, म्हणून एकेरीतच लिहितो. मी पॅटर्न मेकर, म्हणजे धातू ओतायच्या साच्यासाठी नमुना करणारा. १९९० पासून उद्यमबागेत आहे. आधी सागवानातले पॅटर्न, मग अ‍ॅल्युमिनियमचे, आता बरंचसं काम सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर. म्हणजे तू पडद्यावर जे करतोस तेच मी पटाशीनं करत आलो. हाताखालून बरीच पोरं गेली. त्यातली दोन, ज्यांच्या हातात खरी कला होती, हे काम कायमचं सोडून गेली. कंटाळा म्हणून नाही. त्यांना तर जेवायला हाताला धरून उठवावं लागायचं. तेव्हा मी त्यांना थांबवलं नाही, चार लोकांत कौतुक केलं. ते मला अजून लागतं. म्हणून तुला जरा सविस्तर लिहितो.

हो, आवडतं काम करूनही माणूस करपतो. नावडतं काम करणारा घड्याळाकडे बघत असतो, त्याला थकवा लगेच कळतो. तुझं-माझं तसं नाही. कामात बुडालो की भूक कळत नाही, पाठ कळत नाही, लघवीला जायचं राहून जातं. थकवा असतोच, पण त्याची हाक आपल्यापर्यंत पोचत नाही. म्हणून 'थकल्यासारखं वाटलं की थांबेन' हा हिशेब तुला लागूच पडत नाही. तुझं थांबणं तुझ्या वाटण्यावर सोडून चालणार नाही. एवढं डोक्यात बसलं तर पुढचं बरंचसं तू स्वतःच शोधून काढशील.

माझं काय झालं ते सांगतो. १९९९ साल. एका गिअरबॉक्स हाउसिंगचं काम आलं होतं, बाहेरगावचं गिऱ्हाईक. तोपर्यंत आमच्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, इतकं अवघड काम झालं नव्हतं: आत वळणं, आतली पोकळी घडवणारे पाच साचे म्हणजे कोअर बॉक्स, भिंतीची जाडी जागोजागी वेगळी. मी अक्षरशः प्रेमात पडलो होतो. सकाळी आठला जायचो, रात्री अकराला कधीतरी परत. वीज गेली तर मेणबत्तीवर ड्रॉइंग वाचायचो. चार महिने असे गेले आणि त्यातला एकही दिवस मला जड गेला नाही, हे मुद्दाम सांगतो.

अशा कामात आधी सागवानाचा मास्टर पॅटर्न करतात, त्यावरून अ‍ॅल्युमिनियमचा पॅटर्न ओततात, आणि त्या पॅटर्नवर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कास्टिंग घेतात. धातू गार होताना आकसतो. बीड मीटरला साधारण १० मिलिमीटर, अ‍ॅल्युमिनियम साधारण १३. म्हणून मास्टरवर दोन्हींचं आकसणं धरावं लागतं. शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात सांगायची गोष्ट ही. हाउसिंगची लांबी होती ६२० मिलिमीटर. मी बिडाचं धरलं आणि अ‍ॅल्युमिनियमचं विसरलो. पॅटर्न आठ मिलिमीटरनं आखूड आला. मी तो स्वतः मोजला, माप वहीत लिहिलं, आणि माझ्याच अक्षरातला तो आकडा मला चुकीचा दिसला नाही. ती वही अजून आहे. आकडा ठसठशीत लिहिलेला आहे, खाली रेघ मारलेली आहे. मशीनिंगला दोन्ही टोकांना तीन-तीन मिलिमीटर ठेवले होते, तेही पुरले नाहीत. ४० कास्टिंग भंगारात गेली.

पण त्या चुकीनं मी मोडलो असं नाही. चूक निस्तरली, मास्टर नव्यानं केला, माल गेला. त्यानंतरचा एक सोमवार मला आठवतो. शॉप उघडलं, रात्रभर बंद जागेत सागवानाचा जो वास कोंडतो तो नाकात गेला, आणि मला काहीच वाटलं नाही. दहा वर्षं त्या वासानं मला बरं वाटायचं. मी पटाशी हातात घेतली, परत ठेवली. मालकांनी विचारलं तर म्हटलं, पोट दुखतंय. दुखत काहीच नव्हतं.

तू डिझाइनचा आहेस म्हणून आपल्याच भाषेत सांगतो. कास्टिंग आकसतं तेव्हा त्याला आणखी रस, म्हणजे वितळलेला धातू, लागतो; तो रायझरमधून, साच्यात ठेवलेल्या जादा रसाच्या साठ्यातून मिळतो. रायझर नसला, किंवा कास्टिंगच्या आधीच गोठला, तर जिथं जाडी सगळ्यात जास्त तिथं आत पोकळी राहते. बाहेरून कातडी एकदम साफ. ओतलेला माल घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्याला कळत नाही, तपासणीला कळत नाही. मशीनवर घेऊन कट मारला की भोक दिसतं. माझं तेच झालं होतं. कामाची आवड म्हणजे भट्टीची आच. आच वाढवून पोकळी भरत नाही, त्याला रस कुठून तरी यावा लागतो: झोप, जेवण, घरची माणसं, गल्ली, शेत, देवळातलं भजन. मी चार महिन्यांत एकेक रायझर छाटला होता, कारण कास्टिंगमध्ये ते दिसत नाहीत आणि वजन उगीच वाढवतात असं वाटलं.

याला नाव आहे हे मला फार नंतर कळलं. हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली 'बर्नआउट' हा शब्द या अर्थानं मांडला. तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात दिवसभराचं आपलं काम संपवून संध्याकाळी सेवा द्यायचा. तिथं सेवा द्यायला येणारे सगळे आपल्या खुशीनं, मनापासून येत होते. त्यातलेच काही वर्षभरात रिकामे होताना त्यानं पाहिले, आणि जे झोकून देऊन काम करतात त्यांनाच हा धोका जास्त, असं लिहून ठेवलं. म्हणजे या शब्दाचा जन्मच आवडीनं काम करणाऱ्या माणसांत झाला. 'आवडतं काम असेल तर थकवा येत नाही' असं कुणी सांगितलं तर हे आठव.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली. तो आजार नाही, कामाशी निगडित अवस्था आहे, असं त्यांचं म्हणणं. खुणा तीन: शक्ती पार संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि कामाची प्रत घसरणं. तुझ्या पत्रात पहिली आणि तिसरी सरळ आहे. दुसरी अजून कामावर आलेली दिसत नाही, घरच्या फोनवर निघतेय. माझ्या अनुभवात ती आधी घरावरच निघते आणि मग कामाकडे वळते. तुझ्याकडे अजून थोडा वेळ आहे, असं मी याचं वाचन करतो.

आता मजेचं. काम कमी करून मजा जाईल ही तुझी भीती मला पटते. मी तुला काम कमी आवडून घे असं सांगणारच नाही. पण आवड दोन तऱ्हेची असते. रॉबर्ट व्हॅलरँड या कॅनडातल्या संशोधकानं २००३ मध्ये हा फरक नीट मांडला: एका आवडीत काम तुझ्या हातात असतं, बाकीच्या आयुष्याशी त्याचं जमतं; दुसरीत तू कामाच्या हातात असतोस. बाहेरून दोघंही तेवढेच तास बसलेले दिसतात. ओळखायचं कसं? पावसाळ्यात संध्याकाळी दोन तास वीज गेली, लॅपटॉपची बॅटरी संपली. तेव्हा तू खिडकीत बसून पाऊस बघतोस, की अंगाला मुंग्या लागल्यासारखा खोलीत फिरतोस आणि मोबाइलवर तेच मॉडेल उघडायला बघतोस? मी १९९९ मध्ये फिरायचो. गणपतीत बहिणीकडे जेवायला गेलो होतो, हातात मोदक आणि डोक्यात कोअर प्रिंट. बहीण काय बोलली ते एक अक्षर आठवत नाही.

आता करायचं काय. सगळ्यात आधी झोप, आणि यात मी तुझ्याशी वाद घालणार नाही. सलग १७ तास जागा राहिलेला माणूस कामात तेवढाच ढिला पडतो, जेवढा रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेला. हे १९९७ मध्ये प्रयोगात दिसलं आहे. तू सकाळी सातला उठत असशील, तर रात्री बाराच्या पुढचं तुझं प्रत्येक मॉडेल थोडी प्यायलेल्या माणसानं केलेलं आहे. ते मॉडेल सकाळी दुरुस्त करायला किती वेळ जातो ते एक आठवडा लिहून ठेव. मी लिहिलं होतं. रात्रीच्या दोन तासांच्या कामानं सकाळचा दीड तास खाल्लेला असायचा. मोठ्या माणसाला रोज किमान सात तास झोप लागते, ती शनिवार-रविवारी एकदम भरून काढता येत नाही. आणि चहा: त्यातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. आमच्या शॉपमध्ये शेवटचा चहा दुपारी चारला. सहा-सातचा चहा मी स्वतः बंद केला आणि पंधरा दिवसांत फरक पडला.

दुसरं, बारीक डोक्याचं काम दिवसात किती वेळ होतं याबद्दल आपण स्वतःला फसवतो. अँडर्स एरिक्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनमधल्या व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. त्यातले सगळ्यात चांगले वाजवणारे एकट्यानं रियाज करायचे तो दिवसाला चारेक तास, तोही तास-दीड तासाच्या बैठकांत, मध्ये विश्रांती घेऊन. आणि दुपारी डुलकी काढणारेही तेच. मी हे वाचलं तेव्हा माझ्या वस्तादांची आठवण झाली. ते सकाळी अकरापर्यंत मापाचं काम करायचे, मग दुपारभर सँडपेपर, फिलेटचं मेण, पॉलिश. आम्हाला वाटायचं म्हातारा दमला. ते दमत नव्हते, म्हणून साठीनंतरही त्यांच्या हाताचं माप चुकत नव्हतं. तू नवीन फीचर, सरफेस, टॉलरन्सचा विचार हे सगळं सकाळी कर. ड्रॉइंगची मांडणी, बीओएम म्हणजे लागणाऱ्या मालाची यादी, फाइलींची नावं, फोन हे दुपारनंतर. आठ तासांची शिफ्ट आठही तास आचेवर ठेवू नकोस.

तिसरं थांबण्याचं, आणि मूळ प्रश्न हाच. आधी म्हटलं तसं, थांबणं बाहेरून यायला हवं. माझ्याकडे ते असं बसलं: शॉपची किल्ली माझ्याकडे नसते. पॉलिशवाल्या मामांकडे असते, ते सातला कुलूप लावून अनगोळला जातात. त्यांना घरी पोचायचं असतं, माझ्या कोअर बॉक्सशी त्यांना देणंघेणं नाही. पहिले काही महिने मला त्यांचा राग यायचा. तुझी किल्ली म्हणजे लॅपटॉप. तो ऑफिसमध्ये ठेवून येता येत असेल तर ठेव. स्वतःचा असेल तर खोलीतल्या मित्राकडे दहाला चार्जर दे, सकाळी घे. गजर लावू नकोस, तो तूच बंद करतोस. जिवंत माणूस लागतो.

आणि थांबताना काम पुरं करून थांबायचा हट्ट सोड. तुझ्यासारख्याचं काम कधीच पुरं होत नाही, एक सरफेस बसला की दुसरा दिसतो. मी उठण्याआधी प्लायवूडवर पेन्सिलीनं तीन ओळी लिहितो: उद्या सकाळी पहिल्यांदा काय करायचं, शंका कुठं आहे, कोणतं माप परत घ्यायचं. एवढं लिहिलं की ते डोक्यातून लाकडावर उतरतं आणि रात्री जेवताना मागे लागत नाही. सकाळी आल्याआल्या हात चालू होतो. हातात पुढची पायरी असताना उठणं सुरुवातीला जिवावर येतं. महिनाभरात सवय होते.

चौथं, एक गोष्ट अशी ठेव की जिथं तू हुशार नाहीस आणि व्हायचंही नाही. आमच्या गल्लीत भजनी मंडळ आहे, एकादशीला आणि दर गुरुवारी बसतं. मी टाळ धरतो. तिथं मला कुणी पॅटर्न विचारत नाही. शेजारी दूध घालणारा, पुढं निवृत्त मास्तर, आणि सगळ्यांचा ताल एक झाला की दोन तास कसे जातात कळत नाही. हेही बुडणंच आहे, पण त्यातून उठताना मी भरलेला असतो. व्यायाम, ट्रेकिंग काहीही चालेल. राजहंसगडावर रविवारी सकाळी पोरांची रीघ असते. फक्त त्याचे फोटो, त्याचं चॅनेल, त्याचा धंदा करू नकोस, नाहीतर तीही शिफ्टच होते.

सुट्टीबद्दल. मी तेव्हा दोन महिने काम सोडून आईकडे जांबोटीच्या बाजूला गावी गेलो. जुलै होता, रोप लावणी चालू होती. पहिले तीन आठवडे मी काही केलं नाही, इरलं पांघरून बांधावर बसायचो. शेजारीपाजारी बोलायचे, आईनं कुणालाही उत्तर दिलं नाही. मग एक दिवस ती म्हणाली, "गोठ्याचं दार लागत नाही बघ, बघ की जरा." शेजारून रंधा मागून आणला. लाकूड ओलं, रंधा बोथट. तो परजून फिरवला तेव्हा लांबच लांब साल वळत बाहेर आली आणि पायावर पडली. मी ती उचलून बघितली. तीन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी बघावंसं वाटलं होतं. दार एका दिवसाचं काम, मी चार दिवस पुरवलं.

याच मातीतलं मोठं उदाहरण आहे. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. ऐन भरात, विशीत, त्यांना क्षय झाला. १९४८ मध्ये ते देवासला गेले आणि काही वर्षं गाणं बंद, डॉक्टरांची सक्त मनाई. त्यांचा आजार फुफ्फुसाचा होता, तुझ्या-माझ्या करपण्याशी त्याची गाठ घालता येणार नाही, ती मी घालतही नाही. पण गाता येत नसताना ते अंथरुणातून माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत राहिले, आणि पुढं त्या धुनांतूनच त्यांनी नवे राग उभे केले. हात थांबला म्हणजे काम मरतं, असं मला वाटायचं. ती भीती मला तेव्हा फार होती, आणि तुझ्या पत्रातही मला ती दिसते.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, पण विचारतो. "कुणाची जबरदस्ती नाही" हे वाक्य मी खूप पोरांकडून ऐकलंय. आवडीनं करणाऱ्याला न मागता जास्त काम मिळतं, आणि पैसे तेवढेच. याच्यावर अभ्यास केलेल्या क्रिस्टिना मॅसलॅक आणि मायकेल लायटर यांनी करपण्याची कारणं सहा ठिकाणी शोधली: कामाचा बोजा, हातातलं नियंत्रण, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं. बघ, यात 'माणूस कमकुवत आहे' असं कारणच नाही. तेव्हा झोप सुधारूनही फरक पडला नाही तर या सहांत बघ. तुझ्या रात्रीच्या मॉडेलांपैकी किती खरोखर तुझी आहेत आणि किती कंपनीची, हे वेगळं करून बघ. कंपनीची असतील तर साहेबांशी बोल. भांडू नकोस, तास लिहिलेली वही समोर ठेव. उद्या स्वतःचं जॉबवर्क सुरू केलंस तर आणखी एक: आपल्या भागातल्या निम्म्या छोट्या कारखानदारांची झोप उधारीनं उडवलेली आहे. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदा आहे. नोंदणी पहिल्याच महिन्यात कर. अडकलेल्या पैशांची काळजी ही कामाच्या थकव्यात मिसळते आणि मग कोणता थकवा कशाचा हे कळत नाही.

आणि डॉक्टरकडे जा. दोन महिने सकाळी अंग उचलत नाही, तर ते सगळं मनाचंच आहे असं धरून चालू नकोस. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, साखर एवढं तपासून घे. माझं बी-१२ तळाला गेलेलं होतं. इंजेक्शनांनी अर्धी लढाई जिंकली. आणि कामावरून मन उडालंच, पण क्रिकेट, मित्र, जेवण यांतही गोडी राहिली नाही, जगण्यात अर्थ नाही असे विचार आले, तर ते करपण्याच्या पुढचं आहे. तेव्हा वाट बघायची नाही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत आणि कन्नडमध्ये बोलता येतं. धारवाडला मनोरुग्णांची मोठी सरकारी संस्था आहे, तिथं जाणं म्हणजे वेडा ठरणं ही आपल्या आईवडिलांच्या पिढीची समजूत होती. माझ्या त्या दोन पोरांपैकी एकाला कुणी वेळेवर नेलं असतं, तर आज तो माझ्यापेक्षा चांगला पॅटर्न मेकर असता. ते मीच न्यायला हवं होतं.

तुला सगळं एकदम करायला सांगत नाही. या आठवड्यात चार्जरची व्यवस्था कर आणि रक्त तपासून घे. आता जुलैच आहे, तुमच्याकडेही लावणी चालू असणार. रविवारी लॅपटॉप खोलीवर ठेवून गावी जा, घरचा फोन यायच्या आधी. महिन्याभरानं काय झालं ते मला कळव, किंवा उद्यमबागेतच आहेस तर सरळ ये. चारच्या आधी ये, म्हणजे चहा मिळेल. ती १९९९ ची वही दाखवतो.